घर बदलायचे आहे, खंड्याचे काय करायचे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत. कर्वेनगरमधील एका जुन्या रो-हाऊसमध्ये त्या पती, ७८ वर्षांच्या सासूबाई, ११ वर्षांचा लॅब्राडोर आणि ६ वर्षांची मांजर यांच्यासह राहतात. (कुत्र्याला येथे खंड्या आणि मांजरीला मनी म्हटले आहे, त्यांची खरी नावे वेगळी आहेत.) सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून हे घर विकून वाकडला सातव्या मजल्यावरील रिसेलचा फ्लॅट घ्यायचे ठरले आणि ५१ हजार रुपये टोकन देऊनही झाले. त्यानंतर त्या सोसायटीच्या सचिवांनी बोलता बोलता सांगितले, की आमच्याकडे कुत्री न पाळण्याचा ठराव आहे. एजंट म्हणतो, ताबा मिळेपर्यंत कुत्र्याचा विषयच काढू नका. प्राण्यांच्या वासामुळे गिऱ्हाईक भाव पाडते, म्हणून कुत्र्याला आत्ताच कुठेतरी हलवा, असेही त्याचेच म्हणणे आहे. पतींनी मुळशीला चुलतभावाचे फार्महाऊस सुचवले आहे, आणि ते कानावर गेल्यापासून बंगळूरला नोकरी करणारी मुलगी वडिलांशी बोलत नाही. खंड्याला मुळशीला पाठवावे, व्यवहार मोडावा, की खंड्या आहे तोवर, म्हणजे वर्ष-दोन वर्षे, घर बदलणेच लांबवावे, असे त्या विचारतात. पत्राची शेवटची ओळ अशी आहे: ‘मनीची काळजी नाही, मांजर काय, कुठेही राहते.’

नमस्कार.

तुम्ही मांडलेले तिन्ही पर्याय वेगवेगळे दिसत असले तरी ते एकाच गृहीतकावर उभे आहेत, ते म्हणजे वाकडच्या त्या सोसायटीत खंड्याला राहता येणार नाही. हे गृहीतक सचिवांच्या एका तोंडी वाक्यावरून आले आहे. ठराव तुम्ही पाहिलेला नाही, तो कोणत्या सभेत आणि कशावरून झाला हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्या सोसायटीत आज कुणाकडे कुत्रा आहे की नाही, हेही पत्रावरून कळत नाही. अकरा वर्षे घरात वाढलेल्या जिवाची रवानगी करण्यास एवढा आधार पुरेसा नाही, म्हणून आधी त्या ठरावाकडेच पाहू.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ ही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली स्थापन झालेली संस्था आहे. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी पाळीव आणि भटक्या कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. रहिवाशांच्या संघटनेला बहुमताने, अगदी सर्वांच्या सहमतीनेसुद्धा, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कुत्र्याला लिफ्टमधून नेण्यास मनाई करता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे आकारता येत नाहीत आणि तो भुंकतो एवढ्याच कारणावरून त्याला घालवून द्या असा आग्रह धरता येत नाही. कुत्र्याला साखळीशिवाय बाहेर नेऊ नये, त्याची घाण आपण उचलावी आणि त्याचे लसीकरण वेळच्या वेळी करावे, असे पालकांनाही त्याच पत्रकात सांगितले आहे. तो भाग प्राणिप्रेमी मंडळी वाचत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या सूचनांची प्रत दाखवताच सचिव नरमतील, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. त्या सूचना आहेत, आणि सोसायटीतले भांडण कागदापेक्षा जिन्यातच जास्त होते. तरीही वाद उपनिबंधकांकडे किंवा पुढे न्यायालयात गेलाच, तर सरसकट बंदीच्या ठरावाची बाजू लंगडी पडते, आणि बऱ्याच समित्यांना हे मनातून ठाऊक असते. पुण्यात असे ठराव इतिवृत्तात असतात आणि संध्याकाळी सातला खाली उतरले की त्याच सोसायटीत चार कुत्री साखळीला फिरताना दिसतात. तेव्हा एखाद्या रविवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः तिथे जा, फाटकाशी थोडा वेळ थांबा आणि वॉचमनला विचारा की कुत्री कोणाकोणाकडे आहेत. सचिवांच्या उत्तरापेक्षा वॉचमनचे उत्तर बहुधा अधिक खरे असते.

आता एजंटच्या सल्ल्याविषयी. ताबा मिळेपर्यंत गप्प राहा, असे सांगणाऱ्याचे काम दस्त नोंदला की संपते. तुम्हाला त्याच लिफ्टमधून त्याच माणसांबरोबर पुढची वीस वर्षे जायचे आहे. खंड्या ही काही कपाटात लपवण्याची वस्तू नाही, आणि फसवून आत आले ही कुजबूज ज्या घराच्या वाट्याला येते, त्या घराची पुढे साधी नळगळतीची तक्रारही कोणी मनावर घेत नाही. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आमचा कुत्रा चालेल का हो?’ असेही विचारू नका. जे करण्याचा तुम्हाला हक्क आहे त्याची परवानगी मागितली, की नकार देण्याचा अधिकार आपणच समोरच्याच्या हाती देतो. माहिती द्या, तीही लेखी. साध्या कागदावर समितीच्या नावे एक पत्र लिहा: आमच्याकडे ११ वर्षांचा एक कुत्रा आणि ६ वर्षांची एक मांजर आहे, दोघांची नसबंदी झालेली आहे (झाली नसेल तर पशुवैद्यांना विचारून ते आधी मार्गी लावा), रेबीजची लस अमुक तारखेला दिली आहे, कुत्र्याच्या महापालिका परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. कर्वेनगर पुणे महापालिकेत येते आणि वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, त्यामुळे पत्ता बदलल्यावर परवाना तिकडचा काढावा लागेल; तो काढू, हेही त्याच पत्रात लिहून टाका. पत्राच्या शेवटी ठरावाची आणि सोसायटीच्या उपविधींची प्रत मागा, आणि तुमच्याजवळच्या प्रतीवर पोच घ्या.

हे पत्र विक्रेत्याच्या माहितीने जाऊ द्या. टोकनची पावती केली असेल तर तीत काय लिहिले आहे ते पाहा. केली नसेल तर आता करून घ्या, आणि सोसायटीने पाळीव प्राण्यांवरून हस्तांतरणात अडथळा आणल्यास टोकन परत मिळेल, ही अट तीत घाला. साठेखत होण्यापूर्वी हे सारे शक्य असते, नंतर प्रत्येक वाक्याला वकील लागतो. सचिवांनी ‘वेगळे काही भरा, मग बघू’ असा सूर लावला, तर महापालिका हद्दीतील सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण शुल्क म्हणून २५ हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही, एवढे लक्षात असू द्या.

ठराव खरोखरच झालेला असेल, तर तो का झाला हे विचारायला लाजू नका. बहुतेक वेळा त्यामागे एखादी घटना असते: पार्किंगमध्ये मूल घाबरून पडलेले असते, दुपारभर एकटा कोंडलेला कुत्रा रडत असतो, किंवा कोणाच्या तरी गाडीच्या चाकाशी रोज सकाळी तीच घाण असते. या तक्रारी खोट्या नसतात. कुत्र्याला भिणारा माणूस दुष्ट नसतो, आणि लिफ्टमध्ये कोणी बिचकले तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीने येतो’ एवढे म्हणणाऱ्या घराला सहसा कोणी ठराव दाखवायला येत नाही. तुमचा खंड्या वयस्कर आहे आणि पत्रावरून तरी शांत दिसतो, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

इथवर कायद्याचे आणि व्यवहाराचे झाले. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: सातव्या मजल्यावरचा तो फ्लॅट, ठराव नसता तरी, तुमच्या घराला सोयीचा आहे का? घर बदलण्याचे कारण सासूबाईंचे गुडघे हे आहे. ११ वर्षांचा लॅब्राडोर हाही आपल्या जातीतला आजोबाच आहे. या जातीची कुत्री साधारण १० ते १२ वर्षे जगतात, काही त्याहून जास्तही, आणि उतारवयात त्यांचे खुबे आणि सांधे हमखास कुरकुरतात. तुम्ही सासूबाईंसाठी एक आणि खंड्यासाठी एक, अशा दोन याद्या कागदावर करून पाहा. लिफ्ट बंद पडली तर जनरेटर आहे का, प्रवेशद्वाराशी पायऱ्या आहेत की रॅम्प, फरशी पायाला धरून राहते की घसरते, खाली उतरल्यावर लगेच झाडे-माती आहे की तिथपर्यंत गाड्यांमधून वाट काढावी लागते, बाथरूम रात्री किती पावलांवर आहे: दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघतील. घरात ‘आईंची सोय की कुत्र्याची हौस’ असा जो वाद चालू आहे असे दिसते, तो या याद्या समोरासमोर ठेवल्यावर बराचसा गळून पडेल. त्या याद्या हातात घेऊन फ्लॅट पुन्हा बघा. कदाचित त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे घर दोघांनाही अधिक मानवेल, आणि खालचा मजला म्हणून ते थोडे स्वस्तही मिळेल. कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून चुकीचे घर घेण्याचा हट्ट करू नये.

मुळशीच्या फार्महाऊसविषयी मात्र मी स्पष्टच लिहिते. पुण्यात घर बदलण्याचा विषय निघाला की कोणाच्या तरी चुलतभावाचे फार्महाऊस निघतेच, आणि कुत्रा ‘तिथे मोकळा राहील’ हे वाक्यही ठरलेले असते. तुमचे पती ते वाईट हेतूने म्हणत नाहीत, पण त्यांना पुढचे प्रश्न विचारा. सोमवार ते शुक्रवार तिथे कोण असते? राखणदार असेल, तर त्याने कुत्रा सांभाळायचे कबूल केले आहे की त्याच्यावर टाकले जाणार आहे? जून ते सप्टेंबर मुळशीचा पाऊस कर्वेनगरच्या पावसासारखा नसतो. अकरा वर्षे पंख्याखाली झोपलेला खंड्या त्या ओलीत कुठे झोपेल? रात्री तो बाहेर असेल तर बिबट्याचे काय? बिबट्यांचा वावर आता जुन्नर-आंबेगावपुरता राहिलेला नाही, आणि कुत्रा हे त्यांचे सोपे भक्ष्य असते. सगळ्यात शेवटचा प्रश्न: एके दिवशी सकाळी त्याला मागच्या पायांवर उठता आले नाही, तर त्याला उचलून पशुवैद्यांकडे कोण नेईल? म्हाताऱ्या कुत्र्याला मोकळ्या रानापेक्षा ओळखीची माणसे, ठरलेली वेळ आणि मऊ अंथरूण हवे असते. धावायची त्याची वर्षे कर्वेनगरमध्येच होऊन गेली.

दुसऱ्या घरी प्राणी देणे नेहमीच चूक असते, असे माझे मत नाही. कुत्रा दोन-तीन वर्षांचा असेल, कुटुंब परदेशी निघाले असेल किंवा घरात कोणाला दम्याचा खरोखर त्रास होऊ लागला असेल, तर चांगले घर शोधून देणे हीच त्याची काळजी घेणे ठरते. मग ते नीट करावे. त्या माणसांच्या घरी स्वतः जाऊन यावे, आठवडाभर ठेवून पाहावे, लसीकरणाचे कार्ड आणि खाण्यापिण्याच्या सवयी लिहून द्याव्यात, आणि नाही जमले तर आम्ही परत घेऊ, हे कागदावर असावे. जुन्या इमारतीच्या फाटकाशी कुत्रा सोडून टेम्पोबरोबर निघून जाणारे लोकही या शहरात आहेत. १९६० च्या त्याच अधिनियमानुसार प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून १० ते ५० रुपयेच आहे, म्हणजे हल्ली पार्किंगलाही याहून जास्त पडतात.

खंड्या आहे तोवर थांबण्याचा तुमचा तिसरा पर्याय वरवर सर्वांत दयाळू वाटतो, पण मला तो सर्वांत कठीण वाटतो. सासूबाईंचा जिना वर्ष-दोन वर्षे थांबणार नाही. त्या एकदा पडल्या तर घर बदलण्याची घाई तुम्हाला याहून वाईट परिस्थितीत करावी लागेल. शिवाय ज्या घरात सगळे नकळत एकाच्या जाण्याची वाट पाहत असतात, तिथे त्याच्या प्रत्येक खोकल्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, आणि ते कोणालाच सुखाचे नसते. त्यातही मनी सहाच वर्षांची आहे. मांजरे १५ वर्षे सहज जगतात. थांबायचेच ठरवले तर नऊ-दहा वर्षांचा हिशेब धरावा लागेल.

घर विकण्याच्या बाबतीत एजंटचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. प्राणी असलेल्या घराचा वास घरच्यांना येत नाही, पाहुण्यांना दारातच येतो. म्हणून सहा महिन्यांत तुमच्याकडे न आलेल्या एखाद्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीला बोलवा आणि वास कुठे येतो ते तिला दाखवायला सांगा. सोफ्याची कव्हरे, खंड्याचे अंथरूण, पायपुसणी आणि पडदे यांतच तो बहुधा मुरलेला असतो. मांजरीच्या लघवीचा डाग असेल तर साध्या साबणाने भागत नाही. प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे क्लीनर वापरावे लागते, कारण वास मारणारा घटक फोडण्याचे काम तेच करते. अमोनियाच्या क्लीनरने उलट तीच जागा मांजरीला पुन्हा खुणावते. आणि काळे फिनेल घरात आणूच नका. त्यातील फिनॉलसारखे घटक पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजरीच्या यकृतात फारच कमी असते, आणि फरशीवरून चाललेले पंजे ती चाटतच असते. दारावरचे ओरखडे सुताराकडून भरून पॉलिश करून घेतले की होते. गिऱ्हाईक येईल तेव्हा खंड्याला फिरायला न्यावे आणि मनीला एका खोलीत ठेवावे. ही नीटनेटकेपणाची गोष्ट झाली. कोणी सरळ विचारले, तर प्राणी आहेत असे सरळ सांगावे. एवढ्यासाठी त्याला घराबाहेर काढण्याची काहीच गरज नाही.

व्यवहारांच्या तारखांकडे मात्र बारकाईने पाहा. आधी विकून मग निवांत शोधू, असे केले तर मधले काही महिने भाड्याच्या घरात काढावे लागतात, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याचे आणि मांजरीचे एकाऐवजी दोनदा स्थलांतर. राहत्या घराच्या विक्रीतला दीर्घकालीन भांडवली नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवून करसवलत घेण्यासाठी विक्रीच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षे मिळतात, तेव्हा कराच्या भीतीने घाई करण्याचे कारण नाही. तुमच्या खरेदीदाराशी बोलताना भावात थोडे इकडे-तिकडे झाले तरी चालेल, पण नव्या घराची किल्ली हातात आल्यावर निदान तीन-चार आठवड्यांनी जुन्याचा ताबा द्यायचा, ही अट साठेखतात घालून घ्या. पुढे मी जे काही सुचवते आहे ते या तीन-चार आठवड्यांतच होते.

आता मनी. तुमच्या पानभर पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे, आणि या स्थलांतरात सर्वांत जास्त त्रास तिलाच होणार आहे. कुत्रा माणसांना धरून असतो. तुम्ही, सासूबाई आणि जेवणाची वेळ तीच राहिली, की खंड्या चार दिवसांत नव्या घराला आपले म्हणेल. मांजर जागेला धरून असते. रो-हाऊसमधली मांजर म्हणजे तिचे राज्य गच्ची, मागची भिंत, शेजारचा आंबा असे पसरलेले असणार. ते सारे जाऊन तिला अचानक बंद दारांचा फ्लॅट मिळणार आहे. तयारी महिनाभर आधी सुरू करा. घरातच वाळूचा ट्रे ठेवा आणि रात्री तिला आत ठेवण्याची सवय लावा. पिंजरा, म्हणजे मांजर नेण्याची ती प्लास्टिकची पेटी, आत्ताच आणून दार उघडे टाकून खोलीत ठेवा आणि तिचे खाणे त्यातच ठेवा. ती आपणहून त्यात झोपू लागली की निम्मे काम झाले. मांजरीच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात. एखादे मऊ फडके तिच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि तेच नव्या घरातल्या पलंगाच्या पायांना, दाराच्या चौकटीच्या खालच्या भागाला मांजरीच्या उंचीवर पुसा. घरच्यांना हा वेडेपणा वाटेल, तरी करा. तिचे अंथरूण मात्र धुवू नका. ते जसे आहे तसे, वासासकट न्या.

सामान हलवण्याच्या दिवशी दोन्ही घरांची दारे दिवसभर सताड उघडी असतात आणि मांजरे हरवतात ती बहुधा त्याच दिवशी. मनीला सकाळीच एका रिकाम्या खोलीत किंवा बाथरूममध्ये ट्रे आणि पाण्यासह बंद करा आणि दारावर ठळक अक्षरांत ‘आत मांजर आहे, दार उघडू नये’ असा कागद लावा. मूव्हर्सची मुले अनेकदा परप्रांतातली असतात, म्हणून तो हिंदीतही लिहा. सर्वांत शेवटी तिला पेटीत घालून तुमच्याच गाडीतून न्या, टेम्पोतून कदापि नव्हे. वारज्याहून बायपासने जाणार असाल तर हिंजवडीची गर्दी सुरू होण्यापूर्वी वाकडला पोहोचा. अडकलेल्या गाडीत मांजर ओरडून ओरडून थकते. निघण्यापूर्वी तीन-चार तास दोघांनाही पोटभर खायला देऊ नका. तिथे गेल्यावर तिची एकच खोली असू द्या, आणि ती पलंगाखाली बसली तर बसू द्या. काही दिवसांनी दुसरी खोली उघडा, मग तिसरी. एक दिवसाहून अधिक काळ तिने काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना फोन करा. उपाशी मांजरीच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो. नवे घर पहिल्या मजल्यावर मिळाले तरी पहिले काही आठवडे तिला बाहेर सोडू नका, नाहीतर ती जुन्या घराच्या शोधात निघेल.

नवे घर वर असेल तर बाल्कनीची व्यवस्था ती येण्यापूर्वी व्हायला हवी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी बहुतेक फ्लॅटमध्ये असते आणि तिच्यावर विसंबून लोक मांजर बाल्कनीत सोडतात. त्या जाळीची खालची कड हाताने ओढून पाहा: दोन हुकांमधून पंजा आणि मागोमाग डोके जाईल एवढी फट बहुधा निघते, शिवाय मांजर ती कुरतडू शकते. कबुतरावर झेप घेताना उंचावरून पडणारी मांजरे पशुवैद्यांना नवीन नाहीत. धातूची जाळी किंवा स्टीलच्या तारांची ग्रिल लावा आणि सरकत्या खिडक्यांना डासांची पक्की जाळी बसवा.

घर लावण्याच्या गडबडीत आणखी दोन गोष्टी घडतात. ट्रंका-पेट्यांत आपण सवयीने डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या कुत्र्या-मांजरांना विषारी असतात आणि उघड्या पेटीतून घरंगळून पलंगाखाली जातात. दुसरे म्हणजे राहायला जाण्यापूर्वीचे पेस्ट कंट्रोल. घरात मांजर आहे हे त्या माणसाला आधी सांगा, कारण परमेथ्रिनसारखी कीटकनाशके कुत्र्याला सोसली तरी मांजरीच्या जिवावर बेततात. फवारणी पूर्ण वाळून घराला वारा लागेपर्यंत तिला आणू नका. आधीच्या मालकाने ओट्याखाली उंदरांचे औषध ठेवले आहे का, तेही पाहा.

खंड्यासाठी पलंग ते पाणी ते दार असा सतरंज्यांचा किंवा रबरी मॅटचा पट्टा गुळगुळीत फरशीवर घाला आणि त्याच्या पंजांमधले केस कातरून घ्या. सासूबाई त्या पट्ट्यावरून चालल्या तर अडखळणार नाहीत अशी चपट्या कडेची मॅट निवडा. सामान येण्यापूर्वी त्याला दोन-चार वेळा वाकडला नेऊन लिफ्टमधून खाली-वर करा. वास्तुशांत प्राणी येण्यापूर्वी उरकून घ्या, म्हणजे होमाचा धूर आणि माणसांची वर्दळ त्यांच्या वाट्याला येणार नाही. मुहूर्त दसऱ्याचा निघाला तर कलश ठेवून पूजा त्या दिवशी जरूर करा, पण सामान दिवाळीनंतर हलवा. दसऱ्यानंतर वीसेक दिवसांत फटाके सुरू होतात, आणि अनोळखी घरात त्या आवाजाला सामोरे जाणे म्हाताऱ्या कुत्र्याला फार जड जाते.

पुनर्विकासात इमारत पाडली जाणार म्हणून दोन-तीन वर्षांसाठी भाड्याचे घर शोधणाऱ्या वाचकांसाठी येथे एक भेद सांगून ठेवते. सोसायटीला बंदी घालता येत नाही, पण घरमालक स्वतःच्या घरात कोणती अट घालून भाडेकरू ठेवील हा त्याचा प्रश्न असतो, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘पाळीव प्राणी नको’ असे कलम असेल तर सही करून नंतर वाद घालण्यात अर्थ नाही. प्राणी असल्याचा उल्लेख करारातच करून घ्या, गरज पडल्यास अनामत थोडी वाढवून द्या, आणि घर सोडताना रंग करून देण्याचे कबूल करा. कोथरूड-कर्वेनगर भागात एकाच वेळी अनेक इमारती रिकाम्या होत असल्याने अशी घरे शोधायला नोटिशीपूर्वीच लागावे.

राहता राहिले तुमचे पती आणि मुलगी. मुळशीचा विषय कसा निघाला ते पत्रात ओझरते आले आहे: टोकन गेले तर काय, आईला जिना चढवायचा किती दिवस, या दोन चिंता त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर असाव्यात आणि खंड्याची गाठ त्यांना लवकर सुटण्यासारखी वाटली असावी. त्यांच्याशी खंड्यावरून वाद घालण्याऐवजी त्या दोन याद्या त्यांच्याबरोबर बसून करा. मुलीला दूर बसून संतापण्यापेक्षा काम द्या: सोसायटीला द्यायच्या पत्राचा मसुदा आणि २०१५ च्या सूचनांची प्रत तिने तयार करावी, आणि तो मसुदा तिने वडिलांनाच पाठवावा.

पत्र या आठवड्यात द्या. आठ-दहा दिवसांत लेखी उत्तर आले नाही किंवा ठरावाची प्रत दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर विक्रेत्याला सोबत घेऊन समितीच्या पुढच्या बैठकीत स्वतः जा. लसीकरणाचे कार्ड बरोबर असू द्या, खंड्याला नेऊ नका. तिथला सूर पाहिल्यावरही या लोकांत राहणे नकोसे वाटले, तर टोकन परत मागा आणि याद्या घेऊन दुसरे घर पाहायला लागा. वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर या पट्ट्यात रिसेलचे फ्लॅट कमी नाहीत, आणि या वेळी एजंटशी पहिल्याच फोनवर सांगा: घरात एक आजी, एक म्हातारा कुत्रा आणि एक मांजर आहे, त्यांना चालेल असेच घर दाखवा.